निरीश्वरवाद, क्रांती आणि भरवसा

प्रति,
भंडारा जिल्ह्यातील परिवर्तनाच्या चळवळींत काम करणारे तरुण कार्यकर्ते आणि त्यांच्याशी वाद घालणारे श्रद्धावान नागरिक यांस,

विषय : देव न मानणे आणि समाज बदलण्याचा ध्यास घेणे, यांसाठीही श्रद्धाच लागते काय?



देव नाकारणाऱ्यालाही शेवटी कशावर तरी श्रद्धा ठेवावीच लागते, हा नास्तिकांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप आहे. कोणी विज्ञानावर श्रद्धा ठेवतो, कोणी माणसावर, कोणी क्रांतीवर. बदलतो तो फक्त देव्हारा, असे आक्षेप घेणारे म्हणतात. क्रांतिकारकांच्या बाबतीत हा आक्षेप अधिक जोर धरतो, कारण अजून कोणी पाहिलेला नाही अशा समाजासाठी ते घरदार सोडतात, तुरुंगात जातात, प्रसंगी प्राण देतात. हे श्रद्धेवाचून घडत असेल काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही, कारण आक्षेपात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे वस्तुस्थितीविषयीची मान्यता. जगाला निर्माता आहे, मरणानंतर आत्मा उरतो, नवस फळतो, असे काही खरे आहे म्हणून धरून चालणे ही मान्यता होय. दुसरी गोष्ट म्हणजे भरवसा. पुढे काय होणार हे नक्की ठाऊक नसताना, मागच्या अनुभवाच्या बळावर पाऊल उचलणे म्हणजे भरवसा ठेवणे. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकणारा धानाचा शेतकरी असा भरवसा ठेवतो. पाऊस येणारच अशी ग्वाही तो देत नाही आणि पाऊस लांबला तर पुन्हा पऱ्हे टाकण्याची तयारी करतो. तिसरी गोष्ट म्हणजे मूल्यनिष्ठा. सर्व माणसांना समान मानले पाहिजे, हे विधान जग कसे आहे ते सांगत नाही, ते कसे असावे ते सांगते. असे विधान प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही. ते विचारपूर्वक स्वीकारावे लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते.

निरीश्वरवादाला या तिन्हींपैकी पहिली गोष्ट लागत नाही. क्रांतिकारी ध्येयवादाला मात्र दुसरी आणि तिसरी लागतेच. ध्येयवाद नकळत पहिलीच्या आधारावर उभा राहू लागला, की ज्या अंधत्वाशी तो लढत असतो तेच त्याच्यात शिरते. पुढील विवेचन या तीन विधानांचे आहे.

देव न मानण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणतो, पुरावा नाही म्हणून मानत नाही. दुसरा म्हणतो, देव नाहीच. दुसऱ्याने दावा केलेला असल्यामुळे त्याला कारणे द्यावी लागतात आणि जगातील निरपराधांचे दुःख, धर्मग्रंथांतील परस्परविरोध, नैसर्गिक कारणांनी मिळणारी स्पष्टीकरणे अशी कारणे तो देतोही. पहिल्यावर असा भार पडत नाही. महाराष्ट्रात या भूमिकेचे ठळक उदाहरण म्हणजे गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५). त्यांना अज्ञेयवादी म्हटले जाते. जे बुद्धीला कळत नाही त्याविषयी ठाम बोलू नये, आणि जे कळते ते लोकांना अप्रिय असले तरी बोलावे, अशी त्यांची वृत्ती होती. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढले, आणि सनातन्यांनी पुण्यात ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. या छळापुढे टिकण्याचे बळ त्यांना परलोकाच्या आशेने दिलेले नव्हते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या मुद्द्यावरचा एक प्रसिद्ध वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये मांडले की पुरेशा पुराव्यावाचून काहीही खरे मानणे नैतिकदृष्ट्या चूक आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये त्याला उत्तर दिले. काही निवडी टाळता येत नाहीत आणि त्यांच्या बाबतीत पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो, म्हणून अशा ठिकाणी मनाच्या कौलाने विश्वास ठेवण्याचा माणसाला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. जेम्सचा युक्तिवाद मान्य केला तरी त्यातून श्रद्धावानाचा हक्क सिद्ध होतो. श्रद्धा न ठेवणे हीदेखील श्रद्धा आहे, हे त्यातून निघत नाही. निसर्गाचे नियम उद्याही चालतील हे तरी नास्तिक विश्वासानेच धरतो, असेही म्हटले जाते. ते खरे आहे. पण तो भरवसा देव मानणाराही रोज ठेवतो. त्यामुळे त्या बाबतीत दोघे सारखेच ठरतात.

भारतीय परंपरेतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. लोकायतांनी देव, परलोक आणि वेदप्रामाण्य हे सारेच नाकारले. सांख्यांनी आपल्या मूळ मांडणीत ईश्वराला स्थान दिले नाही. मीमांसकांनी तर जगाचा कर्ता नाकारला आणि वेद मात्र स्वयंप्रमाण मानले. मीमांसकांच्या या उदाहरणावरून दिसते की देव न मानणारा माणूसही एखाद्या ग्रंथापुढे पूर्ण मान तुकवू शकतो. म्हणजे नास्तिक माणूस अंधश्रद्ध असू शकतो, पण नास्तिक होण्यासाठी अंधश्रद्धा लागत नाही. भंडारा जिल्ह्याला निरीश्वरवादी परंपरेचा शेजार नवा नाही. पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर येथील प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. निर्मात्या देवावाचून शील आणि करुणा शिकवणारा विचार वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता, याची ती साक्ष आहे.

निरीश्वरवाद आणि क्रांती एकाच माणसात कशी एकत्र येतात, हे समजण्यासाठी भगतसिंगांचा ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध सर्वांत उपयोगी आहे. तो लाहोरच्या तुरुंगात ऑक्टोबर १९३० मध्ये लिहिला गेला आणि लेखकाच्या फाशीनंतर, सप्टेंबर १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भगतसिंग श्रद्धेचे सामर्थ्य नाकारत नाहीत. श्रद्धेने संकट हलके होते, देव मानणाऱ्याला मोठा दिलासा मिळतो आणि देवावाचून माणसाला स्वतःच्याच पायांवर उभे राहावे लागते, हे ते कबूल करतात. काकोरी कटातील आपले सहकारी अखेरच्या दिवशी प्रार्थना करत होते, हेही ते आदराने नोंदवतात. स्वतःपुरते मात्र ते सांगतात की फासाचा दोर गळ्यात पडेल तो क्षण शेवटचा असेल. त्यापुढे पुनर्जन्म नाही, स्वर्ग नाही, बक्षीस नाही. आपल्या बलिदानाचे मोल त्यांना बलिदानातच दिसत होते. २३ मार्च १९३१ रोजी सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांच्यासह ते फासावर गेले.

या निबंधात मान्यतेचा त्याग आहे. भरवसा आणि निष्ठा यांचा नाही. मानवजातीच्या सेवेपलीकडे दुसरे काही नको असणारी माणसे मोठ्या संख्येने पुढे येतील तेव्हा मुक्तीचे युग सुरू होईल, अशी आशा त्यात स्पष्ट आहे. बरोबरीने एक कसोटीही आहे. विचार करून कोणी एखाद्या सिद्धांतावर विश्वास ठेवला तर तो स्वागतार्ह, कारण त्याची चूक दाखवता येते. आंधळा विश्वास मात्र धोक्याचा, कारण तो विचार करण्याची ताकदच मारतो, असे भगतसिंगांचे प्रतिपादन आहे. ही कसोटी देवाच्या भक्तांइतकीच क्रांतीच्या भक्तांनाही लागू होते.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार ज्यांनी केला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातला एक महत्त्वाचा प्रसंग याच जिल्ह्यात घडला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाल्यावर, १९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक लढवली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. आपल्या मतदारांनी दोन मतांपैकी दुसरे मत कुजवले, म्हणजे मुद्दाम वाया घालवले, तर विजय सोपा होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचवले होते; पण ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगणे शोभत नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण जिल्ह्यात आजही सांगितली जाते. विजयाच्या खात्रीवर ज्याची निष्ठा उभी असते, त्याला असा नकार देणे जड जाते. साधनांचे मोल निकालाहून मोठे मानणाऱ्यालाच तो देता येतो.

त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९५४ रोजी, आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी आपले तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत. त्यांची मुळे राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत आणि ती बुद्धाच्या शिकवणीतून आली आहेत, असे त्यांनी सांगितले. कायदा समतेचा आणि स्वातंत्र्याचा भंग झाल्यावर मदतीला येतो, पण भंगच होऊ नये म्हणून बंधुता लागते, हा त्या विचाराचा गाभा आहे. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्या दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांना नकार आहे आणि समतेचा स्वीकारही आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचे जवळचे, पण मार्क्सवादी मार्ग बळावर अवलंबून असतो. बळ काढून घेतल्यावर व्यवस्था कशाच्या आधाराने टिकणार, हा त्यांचा प्रश्न होता. माणसाच्या मनाचे परिवर्तन हे त्यांचे उत्तर होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात देवाची जागा नीतीला दिलेली आहे.

आंबेडकरांचा हा विचार दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतो. देवावाचून नीती उभी राहू शकत नाही असे म्हणणाऱ्याला तो निर्मात्या देवावाचून उभी केलेली नीती दाखवतो. नुसत्या बुद्धिवादाने समाज बदलेल असे म्हणणाऱ्याला तो विचारतो की नीती पवित्र मानली गेली नाही, तर बलवान माणूस ती पाळेल कशाला? तर्काने मूल्य तपासता येते. त्यासाठी तोटा सोसण्याची तयारी तर्क एकटा देत नाही. ती संस्कारातून, सहवासातून आणि सामूहिक प्रतिज्ञेतून येते. भरवसा आणि निष्ठा यांनाही जोपासावे लागते, हे आंबेडकरांनी ओळखले होते.

याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. भंडारा सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. कायदा आपल्या गतीने चालला, पण ज्या दिवशी गावाने शेजाऱ्यांना वाचवायला हवे होते त्या दिवशी तो तिथे नव्हता. १९५४ च्या भाषणातील बंधुतेचा मुद्दा किती मूलभूत होता, हे या घटनेतून कळते. देव मानणे वा न मानणे याने त्या दिवशी काही फरक पडला नाही. शेजाऱ्याला आपल्यासारखा माणूस मानण्याने पडला असता.

ध्येयवाद मान्यतेत कसा बुडतो, याचीही उदाहरणे विसाव्या शतकात विपुल आहेत. मार्क्सवादाने ईश्वर नाकारला, पण त्याच्या अनेक अनुयायांनी इतिहासाला त्याच्या जागी बसवले. क्रांती अटळ आहे, पक्षाला तिचा मार्ग ठाऊक आहे आणि आजचे बळी उद्याच्या सुखाने भरून निघतील, ही वाक्ये वस्तुस्थितीविषयीची असून त्यांना पुरेसा पुरावा नव्हता. १९४९ मध्ये आर्थर कोस्लर, इग्नात्सिओ सिलोने, रिचर्ड राइट आदी सहा लेखकांनी एका पुस्तकात आपल्या मोहभंगाची कहाणी सांगितली. त्या पुस्तकाच्या नावातच साम्यवादाला अपयशी ठरलेला देव म्हटले आहे. भारतात मानवेंद्रनाथ रॉय यांनी कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेपासून सुरू केलेला प्रवास नवमानवतावादापर्यंत नेला आणि १९४८ मध्ये स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षही विसर्जित केला. महाराष्ट्रातील त्यांचे सहप्रवासी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ‘जडवाद’ लिहिला तो शास्त्राध्ययनाच्या भक्कम पायावर. रॉय आणि तर्कतीर्थ, दोघांनीही जुनी मान्यता सोडली, पण माणसाच्या स्वातंत्र्यावरची निष्ठा सोडली नाही. मान्यता आणि निष्ठा वेगळ्या असतात, याचा हा पुरावा आहे.

पूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्याचा, म्हणजे १ मे १९९९ पूर्वी गोंदियासह असलेल्या जिल्ह्याचा, पूर्वेकडील जंगलपट्टा नक्षलवादी चळवळीने १९८० च्या दशकापासून अनुभवला. जमीन, तेंदूपानाची मजुरी आणि सरकारी कर्मचाऱ्यांची अरेरावी हे तिथले प्रश्न खरे होते. त्या प्रश्नांसाठी उभे राहण्याची निष्ठाही अनेक तरुणांत खरी होती. पण बंदुकीच्या मार्गाने विजय अटळ आहे ही मान्यता पक्की झाली, की खबऱ्या म्हणून मारल्या जाणाऱ्या आदिवासी माणसाचे मोल कमी होत जाते. ज्याच्यासाठी क्रांती करायची तोच तिच्या आड येणारा ठरतो. ध्येय कितीही उदात्त असले तरी त्याच्या नावाने कोणती किंमत मोजली जाते, हे विचारण्याची मुभा राहिली नाही तर ध्येयवादाचे रूपांतर असहिष्णू पंथात होते.

श्रद्धावान आणि निरीश्वरवादी एकत्र काम करू शकतात काय, याचे उत्तरही विदर्भातच मिळते. आंध्रातील नास्तिक कार्यकर्ते गोपराजू रामचंद्र राव तथा गोरा १९४० च्या दशकात सेवाग्रामला येऊन गांधीजींशी चर्चा करत. ‘ईश्वर सत्य आहे’ इथून ‘सत्य हाच ईश्वर’ इथपर्यंत गांधीजी १९३१ च्या सुमारास पोहोचले होते, कारण देव नाकारणाराही सत्य नाकारत नाही. गोरांच्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरला. विवाहविधीत ईश्वराऐवजी सत्याची शपथ घेण्याला गांधीजींनी संमती दिली, आणि त्यांच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये सेवाग्राममध्ये तो विवाह झाला. दोघांची मान्यता वेगळी होती. अस्पृश्यता गेली पाहिजे ही निष्ठा एक होती.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हाच धडा संघटनेच्या धोरणात आणला. देव आणि धर्म यांविषयी तटस्थता, पण शोषण करणाऱ्या प्रथांना विरोध, हे ते धोरण होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. त्यांनी निकालाची खात्री मिळाल्यावर काम सुरू केले नव्हते.

भंडाऱ्यात या चित्राची दुसरी बाजूही आहे. बाबा जुमदेवजी यांच्या ‘परमात्मा एक’ मार्गाचे सेवक जिल्ह्यातील अनेक गावांत आहेत. ते एकच भगवंत मानतात आणि सत्य, मर्यादा, प्रेम यांची शिकवण पाळतात. दारू सोडून, करणी आणि अंगात येण्याच्या धास्तीतून बाहेर पडून अनेक कष्टकरी कुटुंबांनी या मार्गाने घर सावरले आहे. त्यांची मान्यता निरीश्वरवाद्याला पटणार नाही; पण व्यसन आणि भीती यांच्यापासून माणूस सोडवण्याचे काम दोघांचेही आहे. कार्यकर्त्याने सेवकाच्या घरी मान्यतेचा वाद जिंकण्यापेक्षा दारूबंदीच्या ठरावावर दोन सह्या एकत्र आणणे अधिक मोलाचे आहे.

या सर्व विवेचनातून कोणत्याही चळवळीला लावता येतील अशा तीन कसोट्या निघतात. पहिली, चळवळीचे दावे चुकीचे ठरल्यास कबूल करण्याची सोय तिच्यात आहे काय? नेत्याचे वचन, ग्रंथ किंवा इतिहासाचा नियम तपासण्यापलीकडे ठेवला जात असेल, तर तिथे पहिल्या प्रकारची श्रद्धा शिरली आहे, मग झेंडा कोणत्याही रंगाचा असो. दुसरी, पराभव झाल्यावर निष्ठा टिकते काय? उदाहरणार्थ, याच जिल्ह्यातील गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन प्रकल्पग्रस्त त्यानंतर कित्येक वर्षे रस्त्यावर येत राहिले. विजयाच्या भविष्यवाणीवर उभी असलेली चळवळ इतका काळ चालत नाही. हक्काच्या जाणिवेवर उभी असलेली चालते. तिसरी, ध्येयासाठी दुसऱ्या माणसाचा बळी देण्याची वेळ आली तर चळवळ थांबते काय? स्वतःचा प्राण देणे आणि दुसऱ्याचा घेणे यांतील अंतर जिथे पुसले जाते, तिथे ध्येयवादाने माणसावरची निष्ठा सोडलेली असते.

श्रद्धावानांनी निरीश्वरवाद्यावर छुप्या श्रद्धेचा आरोप करण्याआधी या कसोट्या स्वतःला लावाव्यात, आणि निरीश्वरवाद्यांनीही देव सोडला म्हणजे आपण आपोआप मोकळे झालो असे समजू नये. देव सोडायला पुराव्याची मागणी पुरते. अन्याय संपवण्यासाठी मात्र माणसावर भरवसा आणि समतेवर निष्ठा लागते; ती वाचून, वाद घालून, एकमेकांच्या संकटात धावून जाऊन रोज कमवावी लागते. या जिल्ह्यातील तरुणांनी ती कमवावी आणि प्रश्न विचारण्याचा हक्क कोणत्याही ध्येयाच्या पायाशी ठेवू नये, एवढीच कळकळीची विनंती.



एक वाचक,
भंडारा